यादवची साक्ष

भिवंडी,
९ जानेवारी १९८७

ती. ताईस यादवचा सलाम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला म्हणून मेट्रनबाईंनी छडी उगारू नये. तुझ्या बोर्डिंगच्या पोरी घाबरत असतील, मी घाबरत नाही.

चंपाला कल्याणच्या कबरस्तानात माती देऊन आज सात आठवडे झाले. तू चार दिवस राहून गेलीस, तेव्हा मी तुझ्याशी धड बोललोसुद्धा नाही. आता लिहितो. मी बरा आहे. लोकांना वाटतं मी घरात बसून रडत असेन. मी रडत नाही, मला तिचा हेवा वाटतो. कावीळ व्हायची तर तिलाच का झाली? एका ताटात जेवत होतो आम्ही नवरा-बायको. ती सुटली आणि मी धामणकर नाक्यावर शिडी टेकवून दुकानांची नावं रंगवतोय.

काम आहे, पण हात चालत नाही. सुताला खळ लावायच्या कारखान्याचा एक मोठा बोर्ड घेतलाय. त्याचा शेठ रोज खालून विचारतो, "पेंटर, बोर्ड कब देगा, कारखाना बंद होने के बाद?" मी नुसता हसतो. एक काम मात्र मन लावून करतो. चर्चच्या मंडळीत कुणी गेलं की क्रूसावर नाव, जन्म आणि मरण मीच रंगवतो, तुला ठाऊक आहे. चंपाचा क्रूस मी दोनदा खरवडून तिसऱ्यांदा रंगवला. आता अक्षरं मनासारखी आली.

एक गंमत सांगतो, हसू नको. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की मी मनात माझ्या स्वतःच्या मातीची उपासना चालवतो. गीत कुठलं म्हणायचं, प्रार्थना कोणी करायची, खांदा कोणी द्यायचा, सगळं ठरवलंय. पाळकसाहेब फार लांबण लावतात, म्हणून त्यांना शेवटची पाच मिनिटंच दिलीत. काल पुन्हा एक गीत बदललं. दिवसभरात तेवढाच वेळ मला चांगला वाटतो. ख्रिस्ती माणसानं तयार असावं असं लहानपणापासून ऐकत आलो. मी तयार आहे, ताई.

तू इकडे यायची घाई करू नको. इथे तुला करण्यासारखं काही नाही.

तुझा,
यादव

*

श्रीरामपूर,
२४ जानेवारी १९८७

चि. यादवला अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, असं पत्र लिहायचं आणि वर म्हणायचं हसू नको. मी आधी हसले आणि मग पदर डोळ्यांना लावला. गुरुवारच्या बायकांच्या सभेत मी तुझं पत्र वाचून दाखवलं. शेठचा भाग गाळला, बाकी सगळं वाचलं. एकीचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. बायको जाऊन दोनच महिने झाले आणि माणूस कुरकुर करत नाही, उलट स्वर्गाची वाट बघतो, याला विश्वास म्हणतात. आपले वडील असते तर त्यांची छाती फुगली असती.

मी तुमच्या पाळकसाहेबांनाही वेगळं पत्र घातलं आहे. म्हटलं, शुभ शुक्रवारी यादवला साक्ष द्यायला उभं करा. तू लाजू नको. तुला बोलता येतं, तू फक्त बोर्डामागे लपतोस. देवानं दुःखात तुला काय दिलं ते लोकांना कळू दे.

पोरींच्या परीक्षा आल्यात, त्यामुळे मला हलता येत नाही. तूही नको म्हणतोस, म्हणजे मन निवांत आहे तुझं. जेवणाचे हाल करू नको. खोलीची मालकीण राहीबाई भली बाई आहे, तिला डब्याचं विचार.

तुझी,
कौसल्याताई

*

भिवंडी,
२० एप्रिल १९८७

ती. ताईस यादवचा सलाम.

तुझ्या मनासारखं झालं. परवाच्या शुक्रवारी मी साक्ष दिली.

उपासना नेहमीप्रमाणे बाळारामभाऊंच्या घरी होती. त्यांची मुलगी तुळजा तुला आठवते का? माझ्या लग्नात परकर सावरत नाचली होती ती. आता बावीस वर्षांची आहे. तिला टीबी झालाय. खोकला फार, म्हणून ती पडद्याआड खाटेवर पडून ऐकत असते. खोली माणसांनी भरली होती. राहीबाईही आली होती, मागे दाराशी बसली होती.

मी उठलो आणि जे तुला लिहिलं तेच बोललो. म्हटलं, मला या जगात काही नको. सकाळी उठलो की वाईट वाटतं की आजही उठलो. देवाकडे मी एकच मागतो, मला लवकर घरी ने. एवढं म्हटलं आणि सगळी खोली एका तोंडानं आमेन म्हणाली. बाळारामभाऊंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ताई, चंपा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या अंगात ऊब आली. मी अजून बोललो. बराच वेळ बोललो. पाळकसाहेबांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, आज प्रवचनाची गरज उरली नाही.

निघताना तुळजानं पडद्यातून हात काढून माझा हात धरला. म्हणाली, "भाऊ, माझ्याच मनातलं बोललात. मलापण आता थांबायचं नाही." तिचा हात फार गरम होता. मला बरं वाटलं की कुणाला तरी कळलं.

बाकी ठीक. शेठचा बोर्ड राहिलाच, त्यानं दुसरा पेंटर लावला. मला काही वाटलं नाही. आजकाल मला कशाचंच काही वाटत नाही, आणि मी समजतो ही शांतीच आहे.

तुझा,
यादव

*

श्रीरामपूर,
३ मे १९८७

चि. यादवला आशीर्वाद.

पाळकसाहेबांचंही पत्र आलं. तुझ्या साक्षीनं दोन कुटुंबांतलं भांडण मिटलं म्हणतात. मी ते पत्र पोरींनाही वाचून दाखवलं.

त्या तुळजाला माझा सलाम सांग. आजारपणात इतका विश्वास म्हणजे मोठी गोष्ट आहे. तिला म्हणावं, श्रीरामपूरला एक मावशी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते.

शेठचा बोर्ड गेला ते बरं नाही झालं. स्वर्ग मिळेपर्यंत माणसाला ब्रश हातात धरावा लागतो, बाळा. जेवतोस ना? तू त्याबद्दल काही लिहीत नाहीस.

तुझी,
ताई

*

भिवंडी,
१८ जून १९८७

कौसल्याबाईला राहीबाईचा नमस्कार.

मी यादव पेंटरच्या खोलीची मालकीन, वळ गावची. मला लिवता येत न्हाय. लिवतो माझा दीर लडकू, सांगते मी. यादवला न सांगता चिठी धाडते. त्याला समजलं तर समजू दे, मी कुनाला भीत न्हाय.

बाय, तुमचा भाऊ जेवत न्हाय. मी ताट नेते, तो बोलतो ठेवा, आनि सकाली तसंच परत देतो. पँट सुतलीनं बांधतो. कामाला जात न्हाय. शिडी मोरीत पडून हाय. कोनाशी बोलत न्हाय, नुसता भिंतीकडं बघून हसतो. आनि खाटेमागं एक क्रूस हाय. लडकूनं वाचला. नाव यादवचंच हाय. जन्म घातलाय, म्होरची जागा मोकली ठेवलीय. मला ते बघून भ्या वाटलं.

मी एक इचारते, राग मानू नका. त्या सुक्रवारी मी बी गेलते तुमच्या भजनाला. चंपा माझ्या पोरीवानी व्हती म्हनून गेलते. यादव उभा राहून बोलला मला मरायचं हाय. आनि तुमचे सगले बोलले आमेन. मी लडकूला इचारलं आमेन म्हंजे काय. तो बोलला, असंच व्हवो. तवापासून माझं डोकं फिरलंय. आमच्यात कोन असं बोलला तर बाया त्याला धरून बसवतात, दोन घास भरवतात, रातभर उसाला बसतात. तुमच्यात मरन मागनं चांगलं मानतात काय? मानत असाल तर मला काय बोलायचं न्हाय.

दुसरी गोस्ट. बालारामची पोर तुलजा. तिनं टीबीच्या गोल्या बंद केल्यात, सुई पन न्हाय घेत. दोन म्हैने झाले. बापाला बोलली, यादवभाऊ देवाला भेटायला तयार हाय तशी मी बी तयार हाय. बापाला काय उत्तर देता येत न्हाय, कारन तो सोताच आमेन बोललेला. पोर सुकून गेली.

तुमी शिकलेल्या हाव. काय ते बघा.

राहीबाई

*

श्रीरामपूर,
२२ जून १९८७

प्रिय यादव,

आज सलाम, आशीर्वाद काही नाही. सरळ लिहिते. राहीबाईंचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नको. चिडायचंच तर माझ्यावर चिड.

जे मी कुणालाही सांगितलं नाही ते तुला सांगते. माझी लेक नऊ महिन्यांची होऊन गेली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. तुम्हाला सांगितलं की मी मिशनच्या दवाखान्यात ट्रेनिंगला गेले आणि देवानं मला सावरलं. गेले ते खरं, सावरलं ते खोटं. तिथे मी जेवण बंद केलं होतं. मला मरायचं होतं, पण तसं म्हणायची लाज वाटत होती, म्हणून मी त्याला उपास म्हटलं. आणि काय कौतुक झालं माझं. प्रार्थनेत माझं नाव घेत, लहान मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, विश्वास असावा तर असा. मी वाळत गेले आणि लोक देवाची स्तुती करत राहिले. तिथली स्वयंपाकीण होती ठमाबाई. तिला धड गीतंसुद्धा पाठ नव्हती. एक दिवस ती भाकर घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "पोरी, हा उपास नाही. मी उपास बघितलेत." बस, एवढंच. मग रोज दोन वेळा येऊन बसायची. मी खाईपर्यंत उठायची नाही. चार महिने लागले.

मला हे सगळं माहीत होतं, यादव. तुझ्या पहिल्याच पत्रात मला ते ओळखू आलं होतं. मला वाटतं मी ओळखलं आणि पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर माझं स्वतःचं उघडं पडलं असतं. म्हणून मी तुझं पत्र सभेत वाचलं. माझ्याबरोबर लोकांनी जे केलं तेच मी तुझ्याबरोबर केलं. मला माफ कर.

प्रभू मित्राच्या कबरीपाशी गेला तेव्हा रडला. बरं झालं, सुटला, असं तो म्हणाला नाही. आणि बायबलातला तो संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे, तेव्हा देवानं आमेन म्हटलं नाही. देवानं त्याला भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा भाकर दिली. आपण हे शंभर वेळा वाचलं आणि शंभर वेळा भाकरीचा भाग सोडून पुढे गेलो. मरावंसं वाटणं याचं पाप म्हणून मी तुला घाबरवणार नाही. पण त्याला विश्वास म्हणू नको. तू आजारी आहेस. तुला कावीळ झाली असती तर मी तिला देवाची शांती म्हटलं असतं का?

दोन गोष्टी कर. राहीबाईंसमोर बसून जेव, एकटा नको. आणि तुळजाकडे जा, उद्याच जा. तिला तुझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. मी आले तरी ती माझं ऐकणार नाही, तिनं तुझं ऐकलंय.

शाळा उघडली आहे, नव्या पोरी रडतायत, तरी तू म्हणशील तेव्हा निघते. येऊ का? फक्त हो लिही.

ताई

*

भिवंडी,
१ जुलै १९८७

ताई,

पत्र मिळालं. राहीबाईनं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला नको होतं. मी आजारी नाही. पाच महिने तू मला विश्वासू म्हणालीस आणि आता एका पत्रात मी रोगी झालो. क्रूस माझा आहे, माझ्या खाटेमागे आहे, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

तुझी लेक गेल्यानंतरचं हे मला माहीत नव्हतं. तिचं नावसुद्धा घरात पुन्हा कुणी घेतलं नाही.

येऊ नको.

यादव

*

भिवंडी,
१६ ऑगस्ट १९८७

ती. ताईस,

दीड महिना मी तुला लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं आली, फोडली, वाचली आणि ठेवून दिली. आज लिहितो. सगळं लिहितो.

'येऊ नको' लिहिलेलं ते कार्ड पेटीत टाकून मी परत येत होतो आणि पाय बाळारामभाऊंच्या घराकडे वळले. तुझ्यावर रागावूनच गेलो होतो. मला दाखवायचं होतं की तुळजा शांत आहे, आनंदात आहे. पडदा सरकवला आणि मी तिला ओळखलं नाही. डोळे आणि दात तेवढे दिसत होते. मी म्हटलं, "तुळजा, गोळ्या घे."

ती म्हणाली, "का?"

ताई, जगात एवढी माणसं आहेत, आणि मला एका बावीस वर्षांच्या पोरीला जगायचं एक कारण सांगता येईना. मी खाटेपाशी खाली बसलो. मग ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्या दिवशी बोललात ते खोटं होतं का?"

मी म्हणालो, "मला खरंच मरायचं होतं. अजून आहे. पण ते देवानं दिलंय असं मी म्हणालो, ते खोटं. ते दुःखानं दिलंय. चंपा गेल्यापासून मला काही सुचत नाही, मला भीती वाटते, आणि लोकांनी आमेन म्हटलं तेव्हा ती भीती लपवायला जागा मिळाली."

ती रडायला लागली. म्हणाली, मलापण भीतीच वाटते. तयारबियार काही नाही. मला लग्न करायचं होतं, मला शिवणाचं मशीन घ्यायचं होतं. सगळे तुमचं कौतुक करत होते म्हणून मला वाटलं, असं बोललं की भीती जाते.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळ्या चालू केल्या, एका अटीवर. म्हणाली, तुम्ही माझ्यासमोर खाल तर मी गोळी घेईन. मी रोज दहा वाजता जायचो. तिची आई मला चहा आणि भाकर द्यायची. मी घास घेतला की ती गोळी गिळायची. काही दिवस आम्ही दोघंही चिडचिड करायचो, घास मोठा घेतला की छोटा यावरून भांडायचो. एकदा ती हसली आणि हसता हसता तिला रक्त पडलं. सुई द्यायला येणारा कंपाउंडर बाहेर येऊन बाळारामभाऊंना म्हणाला, मध्ये बंद केलं नसतं तर. एवढं बोलून तो पिशवी उचलून निघाला.

ती नऊ तारखेला गेली. सकाळी गेलो तर आई दारात बसली होती. भाकर करून ठेवली होती. मी ती खाल्ली, ताई. कशी खाल्ली ठाऊक नाही, पण तिथेच बसून खाल्ली.

आज तिच्यासाठी उपासना होती, त्याच खोलीत. पाळकसाहेब म्हणाले, तुळजा हसतमुखानं प्रभूकडे गेली. मी उठलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, ती हसतमुखानं गेली नाही. तिला जगायचं होतं. शुभ शुक्रवारी मी इथे उभा राहून जे बोललो ते ऐकून तिनं औषध सोडलं. ती माझी साक्ष खोटी होती आणि मी ती परत घेतो. मी दुःखानं आजारी होतो, तुम्ही मला भाकर द्यायला हवी होती आणि तुम्ही आमेन म्हणालात. आणि मला ते आवडलं, म्हणून मी जास्त बोललो. हा दोष तुमच्याआधी माझा आहे.

मग बाळारामभाऊ उभे राहिले. मला वाटलं ते मला मारतील, आणि मी हललो नसतो. ते म्हणाले, "मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं होतं." एवढं म्हणून खाली बसले. त्यांच्या बायकोनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

मी घरी आलो. राहीबाई ताट घेऊन बसली होती. जेवलो. ती म्हणते, ठाण्याला डोक्याचे डॉक्टर आहेत, तिच्या भाच्याला तिथे नेलं होतं. पंचवीस तारखेला, मंगळवारी बोलावलंय. ती बरोबर येईन म्हणते, पण तिला तिथलं काही कळायचं नाही आणि मला एकट्याला तिथे बसवणार नाही.

तू माझी बहीण आहेस म्हणून तुलाच सांगतो. तुळजा गेल्यावर माझं मन बदललं असेल असं तुला वाटेल. नाही बदललं. तिच्या मातीला उभा होतो तेव्हाही मला जावंसंच वाटत होतं. आज संध्याकाळीही वाटतंय. फरक एवढाच की आता मी त्याला चांगलं नाव देत नाही.

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नको. पोरींना कुणाच्या तरी हवाली कर, आणि ये. मंगळवारच्या आत ये, ताई. मी वाट बघतोय.

तुझा,
यादव